पाचव्या दिवसाचं पाणी

पाणी सुटायचं होतं पहाटे तीनला.
व्हिडिओ त्याआधीच सुटला, अकरा चाळीसला:
टाकीच्या शिडीवर एक माणूस, हातात कॅन,
खाली ओळ – सोलापूर. पाणी पिऊ नका. पुढे पाठवा.

बारा वर्षं मी हेच करते,
लोकांच्या सावल्या मोजते.
ऊन कुठून येतंय, पाटीवर लिपी कुठली,
झाडाला मोहोर आहे का.
पप्पा अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात होते,
भिंग लावून इंचातले धागे मोजायचे;
चादर हातात आली की आधी उलटी करायचे.
"सुलटी बाजू सगळेच नीट विणतात, अम्मा."
वारशात एवढं वाक्य आलं,
आणि ते भिंग, काच थोडी टवका उडालेली.

शिडीला पायऱ्या अकरा, सर्वात वरची वाकलेली.
आपल्या टाकीला तर गोल जिना आहे.
मी चित्र जवेरियाला पाठवलं, कराचीला.
सात वर्षांची ओळख, भेट एकही नाही.
मागे आम्ही दोघींनी मिळून
एका कंपनीचे चार पत्ते शोधले होते,
चारही ठिकाणी दुबईतलं एकच बंद शटर.

तिकडे घड्याळ अर्धा तास मागे.
उजाडताच ती स्कूटरवर गेली,
त्याच शिडीखाली उभी राहून फोटो काढला.
वाकलेली पायरी. कॅनमध्ये चुना.
वर लिहिलं: तुमच्या मिलची पडकी भिंत
गेल्या वर्षी आमच्याकडे भूकंप म्हणून फिरली होती.
फिटांफीट.

या मालाला जकात नाही, व्हिसा नाही.
तो आम्हा दोघींनाच लागतो.

सात वीसला माझी बातमी गेली.
चारशे अकरा जणांनी वाचली.

तोवर मैनुद्दीन चावीवाला सिव्हिलमध्ये होता.
तीनला त्याने नेहमीसारखी चावी फिरवली,
आणि त्याच लोखंडी चावीने त्याची दोन बोटं.
तीनला जवेरिया झोपलेली होती.
मी पायऱ्या मोजत होते.
बातमीत त्याचं नाव नाही.
पोरगा म्हणाला, घालू नका ताई,
खरं असलं तरी नको.

व्हॉल्व्ह बंद करायला कुणीच नव्हतं.
साखर पेठेतून पाणी गटारीला वाहत राहिलं,
पाचव्या दिवसाचं पाणी,
आणि बाया पालथ्या घागरी घेऊन उंबऱ्यात उभ्या.
मी मोबाईल दाखवला. बघ, ही पायरी बघ.
अंबूबाई तेंडूची पानं कातरत म्हणाली,
"मोबाईलमध्येच ते पण आलतं की गं."

मग मी तांब्या भरला
आणि सगळ्यांसमोर प्यायले. घटाघटा.
खरं सांगू, दुसऱ्या घोटाला
मलाही जरा चव निराळी वाटली.

आठ वाजता अंबूबाईने हाक मारली: "पोटात दुखतंय का?"
नवाला: "घाम आलाय व्हय गं?"
दहाला ती उठून खिडकीशी आली,
मला नीट न्याहाळलं, पप्पा चादर न्याहाळायचे तसं,
आणि सुपातल्या विड्या आत ठेवून
हंडा नळाखाली लावला.

त्याच्यामागे दुसरा. मग गल्लीभर खणखणाट.
मी पायरीवर बसून मोजत होते.
सतराव्या घागरीला नळ गुरगुरला,
खोकला,
आणि नुसती हवा ओकू लागला.