चॅनल सोळा

पुर्सोदादा बार्जवर वायरलेस सांभाळायचा.
सारमानसच्या धक्क्यावर खनिज भरलं
की कुंभारजुवेच्या कालव्यातून थेट मुरगावपर्यंत
कोण पुढे, कोण मागे, कुठे गाळ, कुठे ओहोटी,
सगळं त्या काळ्या डब्यातून खरखरत यायचं
आणि तो त्यातून नेमकं माणसाचं वाक्य निवडायचा,
आई उकड्या तांदळातून खडा निवडते तसं.
त्याच्या कानांचं आम्हांला भारी कौतुक.

मग खाणी बंद पडल्या.
बार्ज एकीला एक बांधून गंजत राहिल्या.
डबा कंपनीनं काढून नेला.
आवाज दादाकडेच राहिले.

आम्हांला आधी वाटलं, बेकारी.
मग वाटलं, दारू. पण तो तर सोलकढीनं सुस्तावणारा माणूस.
मग देवीला प्रसाद लावला.
काळ्या पाषाणावर ओल्या पाकळ्या,
उजवी पडली तर बाधा, डावी पडली तर आजार.
बराच वेळ दोन्ही चिकटून.
शेवटी उजवी पडली.
पंख्याच्या वाऱ्यानं पडली असं मला वाटलं,
मी बोलले नाही.

त्या पाकळीनं आमचे चौदा महिने खाल्ले.

चौदा महिन्यांत त्यानं फ्रिजची वायर कापली,
पहाटे पोदेराच्या पोंय-पोंयमधून
त्याचंच नाव पुकारलं जात होतं,
आणि जेवताना तो ताट माझ्याकडे सरकवायचा:
तू खा आधी.
मी खायचे. दोन घास. रोज.
विष नाही हे सिद्ध करायला
किती वेळा जिवंत राहावं लागतं!

बांबोळीच्या डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं.
मी ते रेशनकार्डाच्या मागे लिहून घेतलं.
आईला ते शेवटपर्यंत पेललं नाही,
ती म्हणते, त्याचं ते किजो.
मी विचारलं, म्हणजे एका माणसात दोन माणसं?
नाही, त्या म्हणाल्या, माणूस एकच.
खोलीत गर्दी फार.
आणि तो नाटक करत नाही हं,
त्याला खरोखर ऐकू येतं.

खरोखर.
परतीच्या बसमध्ये मी तेवढा एकच शब्द घेऊन बसले होते.

गोळ्यांनी गर्दी पांगली.
पोट सुटलं, हात थरथरू लागले,
कपातला चहा बशीत, बशीतला सदऱ्यावर.
चवथीला माटोळी त्यानंच बांधली,
नारळ, निरफणस, कांगल्या, सगळं जागच्या जागी,
आणि म्हणाला, मी बरा झालो.
आम्हीही म्हणालो, बरा झाला.
गोळ्या कपाटात राहिल्या.

दीड महिन्यानंतर एका रात्री
तो गुडघाभर चिखलात उभा,
अंधारातल्या बार्जना उत्तर देत.
काठावर माणसं. कुणीतरी टॉर्च मारला.
कुणीतरी हसलं, त्याचं नाव मला माहीत आहे.

मी साडी खोचून आत उतरले.
तिथे काही नाही, असं म्हटलं नाही.
हो हो, आहे, असंही नाही.
म्हटलं, मला ऐकू येत नाही रे. तुला येतंय.
भीती वाटते?
तो बराच वेळ नदीकडे बघत राहिला.
वाटते.
मग मी थांबते, म्हटलं.
चिखल पायाखालून सरकत होता, भरती लागली होती.

लहानपणी यानंच मला शिकवलं होतं:
सोळा नंबरवर गप्पा मारायच्या नसतात.
तिथे आधी ऐकायचं.
कुणाची हाक अर्धवट राहिली असेल.

आता रात्री साडेआठला गोळी, पाण्याचा तांब्या, मी.
कधी तो चिडतो, कधी गोळी जिभेखाली लपवतो,
कधी मीच थकून परसात जाऊन बसते.
काल विचारलं, आज आहेत का?
म्हणाला, आहेत. दोघेच. लांबून.
काय म्हणतात?
म्हणतात, हुमणात मीठ कमी होतं.

कमी होतंच.