सत्तेचाळिसावं मिनिट

पेनड्राइव्ह देतानाच फिल्म सोसायटीचे वाकणकर म्हणाले,
गरीब सिनेमा आहे हो, इंग्रजांचा असला तरी.
एक घर, तीन नट, अकरा दिवसांत उरकलेला.
मराठी सबटायटल्स, मिनिटाला चाळीस रुपये,
ओळीत बेचाळीस अक्षरं. त्यापुढे नाही.

डहाणूकर कॉलनीतून शेवटची बस वळली
की मी हेडफोन लावते.

पाऊस पाइपाचा आहे, लगेच कळतं.
खिडकीवर धो धो आणि मागच्या घराचं छप्पर कोरडं ठणठणीत.
रस्त्यावरून तीच निळी गाडी तीनदा जाते.
बाईला सबंध सिनेमाभर एकच कोट.
माडीवर कुणीतरी चालतं. ती जिन्याशी थांबते,
हातात किटली, तोटीतून वाफ.
खालून नवरा काहीतरी म्हणतो, मऊ आवाजात, चारच शब्द.

मी लिहिलं, तुला भास होतायत.
पुसलं.
मनाचे खेळ आहेत तुझ्या.
पुसलं.
असं काही नाहीये गं.

हे बसलं. त्याच्या ओठांवरसुद्धा बसलं.
इतकं, की मी हेडफोन काढून
आतल्या खोलीकडे पाहिलं.

हेरंब पालथा झोपला होता.
शेगडी रात्रभर चालू राहिली ती माझ्याच हातून.
पासबुक मीच कुठेतरी ठेवलं आणि विसरले.
लक्ष्मी रोडवर जिने त्याला नावाने हाक मारली
ती बाई दुसऱ्याच कुणाला तरी बोलावत होती.
दर वेळी शेवटी तो गं,
पाठीवरून हात फिरवल्यासारखा.

सत्तेचाळिसाव्या मिनिटाला चूक आहे.
ती भिंतीला टेकून रडते
आणि वर वॉलपेपरवर
माइकच्या दांडीची सावली हलते, जेमतेम सेकंदभर.
वाकणकरांना कळवायला हवं होतं.
मी मागे नेऊन पुन्हा पाहिलं. सात वेळा.
तिला ती दिसत नाही.
पण त्या घरात कुणीतरी होतं,
खांदे भरून आले तरी हात वर धरून
तिचा श्वासन् श्वास टिपत.

आमच्या भिंतीवर कॅलेंडर, ट्यूब,
ट्यूबमागे पाल.

सकाळी साखरेच्या डब्यामागे
मी फोन पालथा ठेवला, रेकॉर्डिंग लावून.
चहा गाळताना हेरंबने विचारलं,
रात्री कुणाशी बोलत होतीस?

म्हटलं, असं काही नाहीये रे.