प्रवेश सुरू आहेत

या, इकडून. सावलीसावलीनं चला,
मे महिन्यात हा रिवणचा सडा कुणाची ओळख ठेवत नाही.
माहितीपत्रक मिळालं ना सगळ्यांना?
पान चारवरचा तो हिरवागार फोटो
ह्याच जागेचा आहे, सप्टेंबरातला.
फसवणूक नाही. थोडं थांबायचं, एवढंच.

ही प्रयोगशाळा. हे ग्रंथालय,
पंखे सात, चालतात सहा,
सहावा जरा बोलतो, परीक्षेच्या दिवसांत
त्याच्याखाली कुणी बसत नाही.

समोरचा तो पायऱ्यापायऱ्यांचा लाल डोंगर...
किल्ला नाही हो. खाण. बंद आहे.
बाहेरगावची मुलं पहिल्या आठवड्यात
त्याच्यापुढे उभी राहून फोटो काढतात.
माझा नवरा तिथे ट्रक चालवायचा,
आता कॉलेजची बस चालवतो,
मडगावहून सोमवारी, मडगावला शनिवारी.
पान सात, वाहतूक व्यवस्था.

जेवण इनासिन करते.
छापलंय ते 'समतोल आहार'.
म्हणजे सोमवारी आळसान्यांचं तोंडाक,
बुधवारी सुंगटांचं हुमण,
आणि ज्याला घर आठवतंय त्याच्या वाटीत
न मागता आणखी सोलकढी.
तिला कसं कळतं, मी विचारलेलं नाही.
सकाळी सहाला पोदेर येतो. त्याच्या भोंपूनं
पहिलं वर्ष उठतं,
तिसरं वर्ष उशी कानावर ओढतं.

रात्री राखणीला पुनो वेळीप.
अमावास्येला फाटकाबाहेर
तो देवचारासाठी रोट ठेवतो आणि एक विडी, पेटवून.
कॅमेरेही आहेत, एकोणीस.
प्राचार्य म्हणाले, दोन्ही असू देत.

फी? हो, तो मागचा कागद.
हप्ते तीन.
चौथा मागून बघा. देतात.
लिहीत नाहीत, कारण मग सगळेच मागतील.
(वडिलांनी कागदाची घडी घातली,
घडीची घडी, तिचीही घडी,
शेवटी तो खिशात एखाद्या गोळीएवढा मावला.)

हे मुलींचं वसतिगृह. वायफाय, गाळलेलं पाणी,
गरम पाणी सहा ते आठ,
कपडे वाळवायची गच्ची, पत्र्याची.
चौदा नंबर कोपऱ्यातली म्हणून लहान,
म्हणून एकटीची. खिडकीतून कुळागर दिसतं,
सुपारीचे शेंडे, आणि कान दिला तर कुशावती.

मुलगी आत्तापर्यंत एक शब्द बोलली नव्हती.
कृपाली, बारावीला अठ्ठ्याऐंशी टक्के,
बायणाहून दोन बसा बदलून आलेली.
तिनं खिडकी पाहिली नाही, पंखा पाहिला नाही.
दाराला हात लावून विचारलं,
"हे आतून लागतं?"

आई घाईनं म्हणाली,
"तसं काही नाही हो, आमच्या घरीही दार आहे.
रस्त्याकडचं. मधे पडदा."

सुविधांची यादी मीच टाइप केली होती,
एकवीस मुद्दे.
बाविसावा मला सुचला नव्हता.

कडी अडली होती, गेल्या वर्षीचा गंज.
मी किल्ल्यांच्या जुडग्यानं दोनदा ठोकली,
मागेपुढे केली, बोटं लाल झाली.
"बघ आता," म्हटलं.

ती आत गेली.
कडीचा आवाज आला, आधी अर्धा,
मग जरा वेळानं पूर्ण.

आम्ही तिघं व्हरांड्यात.
आतून काहीच ऐकू येत नव्हतं,
खाट सरकल्याचं नाही, पावलांचं नाही.
वडिलांनी घड्याळ पाहिलं. पावणेपाचची कदंबा.
आईनं हात दारापर्यंत नेला
आणि पदराला पुसून मागे घेतला.

मी म्हटलं, साडेसहालाही एक आहे.
ती पान सातवर छापलेली नाही.