लेखनिक

रेक्सहॅम, जून महिना. जिमच्या मागची खोली,
एरवी इथे उसवलेल्या गाद्या आणि नेटबॉलचे खांब असतात.
आज एक टेबल, दोन खुर्च्या, घड्याळ.
बाकीचे दोनशेजण हॉलमध्ये.
केरिस इथे, इतरांना व्यत्यय नको म्हणून,
असं पत्रात होतं. तिनं ते दोनदा वाचून घेतलं
आणि हसली.

मी तिचा उजवा हात, तासाला बारा पौंड.
ती सांगेल ते लिहायचं.
सुचवायचं नाही, भुवईसुद्धा हलवायची नाही.
चूक सांगितली तर चूक लिहायची,
नीट, वळणदार अक्षरात.

शब्द तिच्या घशातून येतो
जड कपाट जिन्यावरून उतरवावं तसा:
एक पायरी. थांब. धर. अजून एक.
"दोन... उज...वीकडे. तीन वर."
मी टिंब देते.
"नाही. खाली. तीन... खाली."
ती सांगते तेव्हाच मी खोडते.

सातव्या गणितात ती उणे विसरली.
एवढीशी आडवी रेघ,
माझ्या पेनाच्या टोकाशी येऊन उभी.
मी तिला परत पाठवलं.

पद्याची तोंडी परीक्षा, इयत्ता चौथी, कोरेगाव.
तेरा चोक?
बा... बा...
माझ्या भावाच्या ओठांत अडकलेला आकडा
मला दारातून दिसत होता.
बाई एका उसाशापुरत्या थांबल्या,
मग वहीत शून्य, आणि "चला, पुढचा."
मी दारातूनच ओरडले, बावन्न!
आठ दिवस तो माझ्याशी बोलला नाही.
शून्यासाठी नव्हे.
बावन्नसाठी.

हॉल सुटला. बाहेर दंगा, कुणाची तरी बाटली
पायऱ्यांवरून गडगडत गेली.
आमची अजून बावीस मिनिटं आहेत,
मंजूर झालेली, सहीशिक्क्याची.
केरिस पाणी पिते, स्ट्रॉ चावते,
मग म्हणते, "सा...तवा."

मी पान उलटते.
ती बघते. खूप वेळ बघते.
मी गादीच्या शिवणीकडे बघत राहते,
चेहरा कोऱ्या उत्तरपत्रिकेसारखा.

"उ..." ती म्हणते.

पेन हवेत.
पुढचं अक्षर मला ठाऊक आहे.
मला काहीच ठाऊक नाही.