मासाभर

फणसेबाईंनी आधी हात दाखवला,
मग काठीचा भाव विचारला.
मनगटावर मोडलेल्या हाडाची गाठ,
वय अडुसष्ट, गणित शिकवून निवृत्त,
गुरुवारी यशवंतसागरावर एकट्या जातात.
"जुनी काठी तासाभरात जड होते," म्हणाल्या.
"तिचं वजन वाढलेलं नाही,
हे मला माहीत आहे."

मी दिवसभर स्टेडियमसमोर रॅकेटच्या जाळ्या विणतो,
गळाच्या काठ्या रात्री.
डबी उघडून त्यांच्यासमोर ठेवली.
पोलादी कड्या, दोन पायांवर ठाम उभ्या.
टायटॅनियमच्या, एका पायावर,
गाळात बगळा उभा राहावा तशा.
"या किती हलक्या?"
"खूप."
"खूप हे माप नाही."

म्हणून सराफ्यात गेलो, भर दुपारी,
खाण्याच्या गाड्या लागायला अजून वेळ होता.
विसपुत्यांनी तराजूची काच सरकवली.
"अंगठ्या कुणाच्या एवढ्या बारीक?"
"दोऱ्याच्या."
पंखा बंद केला
तेव्हा आकडा थरथरायचा थांबला.
त्यावर ग्रॅम होते, पण ते बोलले वडिलांच्या भाषेत:
"ही अडीच गुंजा. ही दीड.
आठ कड्यांत आठ गुंजा,
म्हणजे मासा वाचला तुमचा, भिया!"
आणि स्वतःच हसले.
बाई हसल्या नाहीत,
त्या मनात काहीतरी भागत होत्या.

मी म्हटलं, टोकाशी गुंज
म्हणजे मुठीशी तोळा.
मनगट हिशेब मुठीतूनच ठेवतं.
"मग एक कडी अजून काढा. सातच."
नको, म्हटलं.
"करून बघू."

माझ्या खोलीत, खिडकीच्या गजाला मूठ आवळली,
कड्या नुसत्या चिकटपट्टीने लावल्या,
दोरा ओवून खाली बत्ता टांगला,
माझ्या बायकोचा, पितळी, न विचारता.
काठी वाकली.
वाकताना बरी दिसते कुठलीही काठी.
पण चौथ्या-पाचव्या कडीच्या मध्ये
दोरा तिच्या वळणाला सोडून
परस्पर आडवाटेने निघाला.
बाई चष्मा वर करून बघत राहिल्या.
"ही जीवा फार लांब झाली," म्हणाल्या,
फळ्यासमोरच्या आवाजात,
आणि बोट ठेवलं नेमकं तिथे
जिथे मी पेन्सिलची खूण
आधीच करून पुसली होती.
आठ.

बांधायला तीन रात्री लागल्या.
एक गोष्ट विसपुत्यांना सांगितली नाही:
कडी दीड गुंजेची,
आणि तिला धरून ठेवणारा दोरा, वरची राळ,
हात सैल सुटला तर दोन गुंजा.
हलकी वस्तू आणून
जड हाताने बांधणारे पुष्कळ.
पाचवी मी दोनदा सोडली.
राळ इतकी पातळ दिली
की दोऱ्याचे वेढे खाली मोजता यावेत,
आणि दिव्याखाली काठी फिरवत बसलो
ओघळ कुठे थांबू नये म्हणून.
बुडाशी सोनेरी अक्षरांत नाव टाकायचं होतं.
"नको," बाई म्हणाल्या. "त्याचंही वजन."
मूठ धरली, हवेत दोनदा हलवली,
पैसे मोजून दिले. सुट्टे.

गुरुवारी दुपारी फोन आला.
मी एका रॅकेटची चौदावी तार ओढत होतो.
"लागला का?"
"नाही."
वाऱ्याचा आवाज. पलीकडे टिटवी.
"पण ऐका. तळ कळतोय.
खडी. खडी. मग गाळ.
मग काहीतरी घडीव, सरळ,
कुणाची तरी बुडालेली पायरी असावी.
मग परत खडी.
थांबा, बोलू नका,
ओढत्येय."

तार अर्धवट ताणलेली राहिली.
मी आठ पोलादी कड्या
खिशात खुळखुळत होत्या त्या
मुठीत गच्च धरल्या
आणि कान लावून बसलो.