गोळीबंद

विद्यापीठातल्या माझ्या खोलीत
पडद्यावर दहा हजार ठिपके.
एक ठिपका म्हणजे एक माणूस,
म्हणजे शून्य ते एकमधली एक संख्या.
नाव नाही. आडनाव तर नाहीच.

दोन ठिपके भेटतात, अंतर कमी असेल तर चिकटतात.
घोळका जितका मोठा तितका त्याचा हात लांब.
एवढंच समीकरण,
केएमटीच्या तिकिटामागं मावतं, लिहून बघितलंय.

बराच वेळ काहीच होत नाही.
रेघ जमिनीला घासत जाते,
बघणारे म्हणतात, पोरं हायत, फोनवर बोलत्यात.
आणि मग एका जागी,
हळूहळू नाही, एका जागी
रेघ उभी राहते.

वाटायचं, हे मी शोधलं.
मग वडणग्याच्या गुऱ्हाळावर दौलूमामाला विचारलं,
पाक झाला हे कसं कळतं?
त्यानं थेंब पाण्याच्या वाटीत टाकला. पसरला.
पुन्हा टाकला. पसरला.
तिसऱ्यांदा बोटांत गोळी आली,
काठावर टण्ण वाजली.
"आत्ता. मगाशी नव्हतं.
आता बघत बसलीस तर काहिलीतच दगड हुतोय."

मी वहीत लिहिलं : क्रांतिक बिंदू.
तो म्हणाला, मळी आधी काढायची आस्ती, पोरी,
रस पातळ असताना, भेंडीचं पाणी घालून.
मागनं झारा फिरवून काय उपेग?

धैर्यशील दुसऱ्या वर्षाला होता,
खिडकीकडचा शेवटचा बाक.
एकदा म्हणाला, मॅडम,
०.५ वरच्या ठिपक्याला आधी कोण ओढतं?
प्रश्न चांगला आहे, तासानंतर भेट, म्हटलं.
तासानंतर माझी मीटिंग होती.

त्या आठवड्यात लक्ष्मीपुरीत शटर खाली,
तीन दिवस फोन मुके,
रस्त्यात चपलांचे एकेक पाय.
यादीत तो सतरावा.
आडनावासकट.

आता रात्री प्रारूप मागं नेते,
उभ्या रेघेच्या अलीकडं,
जिथं सगळंच अजून सुटं आहे,
आणि एक ठिपका उचलून बाजूला ठेवते.
काही फरक पडत नाही.
रेघ तिथंच उभी राहते, दशांशालाही धक्का नाही.
गणित बरोबर आहे, तीनदा तपासलंय.

तरी पुन्हा शून्यापासून चालवते.
तो ठिपका तेवढा पिवळा केलाय.
रेघ सपाट.
वाटीत थेंब
अजून पसरतोय.