अडुसष्ट

शिळीमकर विचारतो, "काकू, टार्गेट काय?"
बाकीच्या बायका सांगतात पोट, दंड, मुलीचं लग्न.
मी सांगते, अडुसष्ट किलो.
"अडुसष्टवर यायचंय?"
नाही रे. उचलायचेत.
जमिनीवरून. एकदाच.

तो वहीत लिहून घेतो.
तेवीस वर्षांचा आहे, वेल्ह्याकडचा,
त्याच्या जगात आकड्याला कारण लागत नाही.

सोमवारी, गुरुवारी लोखंड.
सातारा रस्त्याला, बँकेखालच्या तळघरात,
जिथे आरशावर चिकटवलंय:
डंबेल जागेवर ठेवावेत. जागा कोणती, हे डंबेलवरच लिहिले आहे.
पाठ सरळ, टाचा घट्ट, श्वास पोटात धरून
मी वाकते एका दांडीपुढे
जशी देवापुढेही कधी वाकले नाही.

मंगळवारी, शुक्रवारी पर्वती.
पहिल्या दिवशी वर पोचले तेव्हा
सगळं पुणं समोर पसरलेलं म्हणे,
मला फक्त माझे ठोके दिसत होते.
आता दोनदा चढते, न थांबता,
आणि वर पोचले की मोठ्याने म्हणते:
सी विंग, चौथा मजला, चारशे दोन.
धाप लागलेली असताना स्पष्ट म्हणता आलं पाहिजे.
प्राणायामवाले आजोबा एक डोळा उघडतात.

बुधवारी विश्रांती. म्हणजे माळा आवरते.

शनिवारी दोन्ही.
"आधी वजन, मग पळणं," शिळीमकर समजावतो,
"ताकद ताजी असताना उचलायचं,
उरलेल्या दमावर पळायचं. उलटं नाही करायचं, काकू."
त्या रात्रीही क्रम हाच होता.
ताकद तेवढी नव्हती, आणि दमही.

एप्रिल. वीज गेलेली. पावणेतीन.
हा बाथरूमच्या उंबऱ्यावर, एक पाय आत, एक बाहेर.
काखेत हात घालून ओढलं.
तेहतीस वर्षं शेजारी झोपलेलं अंग,
त्याला वजन असतं हे मला माहीतच नव्हतं.
फरशी ओली. मी दोनदा त्याच्याच बाजूला बसले.
मग चार मजले खाली, अंधारात, कठडा चाचपत.
सोनटक्के खुर्चीत झोपला होता.
त्याच्यासमोर उभी राहिले आणि तोंडातून नुसती हवा.
बोट वर केलं.
तो म्हणाला, "टाकी वाहतेय का?"

वाचला. हे आधी सांगायला हवं होतं.
सोनटक्के, दूधवाला आणि एक सतरंजी.
हॉस्पिटलच्या कागदावर निळ्या शाईत: वजन ६८.

आता हा सकाळी बाल्कनीत बसून माझी वही तपासतो.
पोस्टात होता, बेरीज चुकली तर चहा गार होऊ देतो.
अडुसष्ट कुणाचे, ते मी सांगितलेलं नाही.

जूनमध्ये मी तीस, हा सहासष्ट.
गणपतीत मी बेचाळीस, हा चौसष्ट.
दिवाळीनंतर मी पन्नास,
आणि डॉक्टरांच्या काट्यावर हा एकसष्ट.
शिळीमकर टाळी देतो, "एक नंबर, काकू!"
डॉक्टर म्हणतात, बिनमिठाचं जेवण, वय, होतं असं.

मी चढतेय. हा उतरतोय.
पायऱ्या मोजायची सवय लागली की
दोघं कुठल्या पायरीवर समोरासमोर येणार
हेही आपोआप मोजलं जातं.
मला तिथे इतक्यात पोचायचं नाही.
परवा त्रेपन्न लावत होता, म्हटलं, राहू दे, कंबर धरलीये.
कंबर ठणठणीत होती.

काल याच्या ताटात एक भाकरी जास्त वाढली.
भाकरीकडे बघितलं, मग माझ्याकडे.
"टार्गेट वाढवतेस होय?" म्हणाला.

अर्धी खाल्ली.
उरलेली अर्धी मी, उभ्यानेच, ओट्याशी.
उद्या गुरुवार.